जुन्या शिशाच्या खाणीत पहिल्यांदा शिरताना

पहिल्यांदा खाणीत गेलेला माणूस सारखा वर बघत असतो. छत कोसळेल, धोंडा डोक्यात पडेल, हीच धास्ती. मीही तेच करत होते. उत्तर इंग्लंडातल्या नेंटहेड गावच्या खाणीच्या बोगद्यात शिरून अर्धा तास झाला असेल. पुढे चाललेले आमच्या क्लबातले आजोबा (सत्तरी उलटलेली, गुडघे माझ्यापेक्षा धड) थांबले आणि म्हणाले, "वर काय बघतेस? पुढचं पाऊल कशावर टाकणार आहेस ते सांग." मी बॅटरीचा झोत खाली नेला. दगडगोटे, चिखल. "जमिनीवर," मी म्हटलं. त्यांनी एक खडा उचलला आणि दगडांमधल्या फटीतून आत सोडला. टक्. टक् टक्. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग खालून, फार खालून, डुबुक.

जिला मी जमीन म्हणत होते ती दीडशे वर्षांपूर्वीच्या ओंडक्यांवर रचलेली दगडांची रास होती. तिच्याखाली विहीर होती.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि सह्याद्री पायाखाली घातलेल्या बऱ्याच मराठी मंडळींना इथल्या जुन्या खाणींची ओढ लागते. मला गेल्या काही वर्षांत चार-पाच जणांनी विचारलं, "आम्हालाही यायचंय, काय करायचं?" प्रत्येकाला तेच तेच फोनवर सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते.

गुहा वेगळी, खाण वेगळी

चुनखडीतली गुहा पाण्याने लाखो वर्षं कोरलेली असते. तिथे जे पडायचं ते बहुतेक पडून गेलेलं असतं. खाण माणसाने पोटासाठी खोदलेली असते, घाईघाईने, कंत्राटावर, मेणबत्तीच्या उजेडात. धातू मिळेनासा झाला की आहे तशी सोडून माणसं निघून गेली. आत जे उभं आहे ते कोणीतरी उभं केलं म्हणून आहे, आणि त्याची डागडुजी त्यानंतर फारशी कोणी केलेली नाही.

पण याच गोष्टीचा फायदाही आहे. खाणीत प्रत्येक भोकाला, भिंतीला, खाचेला काहीतरी कारण असतं. फुकटचं खोदायला कोणालाच परवडत नव्हतं. हे इथे का खोदलं, हे दगड इथे का रचले, असं विचारायची सवय लागली की धोका कुठे असणार तेही कळायला लागतं. बाकीचं सामानसुमान विकत मिळतं, ही सवय तेवढी स्वतः लावून घ्यावी लागते.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी

हा लेख वाचून तिकडच्या बंद खाणीत शिरू नका. कोलारची सोन्याची खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली. तिची खोली तीन किलोमीटरच्या पुढे गेली होती आणि उपसा थांबल्यावर अशा खाणी खालून पाण्याने भरत जातात. गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी म्हणजे उघडे खड्डे, तिथे भूमिगत बघण्यासारखं काही नाही. नागपूर-भंडारा पट्ट्यातल्या मँगनीजच्या खाणींत आजही काम चालतं, तिथे पाहुण्यांना मज्जाव आहे आणि तो योग्यच आहे. इथे इंग्लंडात हे जमतं ते क्लब, जुने नकाशे, जागामालकांशी जुळलेले संबंध आणि स्वयंसेवी बचाव पथकं असं सगळं पिढ्यान्‌पिढ्या उभं राहिलंय म्हणून.

कुठे

मी ज्या भागाबद्दल लिहितेय तो उत्तर पेनाइन्स या डोंगररांगेचा. न्यूकॅसलहून गाडीने साधारण सव्वा-दीड तास. नेंटहेड हे सुमारे ४५० मीटर उंचीवरचं गाव, इंग्लंडातल्या सर्वांत उंच गावांपैकी एक. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या लंडन लेड कंपनीने हे गाव खाण कामगारांसाठी आखून वसवलं. शिशाचे भाव पडले तशी कंपनी १८८२ साली निघून गेली. पुढे १८९६ साली बेल्जियमची एक जस्ताची कंपनी आली, आणि आधीच्यांनी कचरा म्हणून बाजूला टाकलेल्या खनिजातून तिने धंदा केला. आत फिरताना ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण एकाच बोगद्यात तुम्हाला दोन-तीन काळांची कामं एकमेकांवर चढलेली दिसतात.

इथलं मुख्य खनिज गॅलेना. शुद्ध असेल तर वजनाने ८६ टक्क्यांहून जास्त शिसं, आणि फोडला की चकचकीत चौकोनी तुकडे पडणारा राखाडी दगड. आपल्याकडे सुरमा म्हणून डोळ्यांत घालायचे त्यात पुष्कळदा हीच पूड असते. (घालत असाल तर थांबवा. शिसं ते शिसंच.)

आधी तिकीट काढून जा

ही पायरी सगळ्यांना कमीपणाची वाटते, आणि सगळे ती गाळायला बघतात. गाळू नका. ब्रिटनमध्ये तिकीट काढून बघता येतील अशा जुन्या खाणी बऱ्याच आहेत. वेल्समध्ये लँडुडनोजवळ ग्रेट ऑर्म ही तांब्याची खाण आहे, कांस्ययुगातली, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या काही फटी इतक्या अरुंद आहेत की त्या लहान मुलांनीच खोदल्या असणार असं मानतात. वेल्समध्येच डोलाउकोथीला रोमन काळातली सोन्याची खाण आहे. कॉर्नवॉलमध्ये गीवर ही कथिलाची खाण १९९० पर्यंत चालू होती, आता संग्रहालय आहे. नेंटहेडलाही तिथली स्थानिक संवर्धन संस्था ठरावीक दिवशी लोकांना वाटाड्यासोबत आत नेते.

अशा ठिकाणी जाऊन स्वतःची परीक्षा घ्यायची आहे. वाटाडे बहुतेक वेळा एकदा सगळे दिवे बंद करून दाखवतात. तो अंधार अमावास्येच्या रात्री किल्ल्यावर असतो तसला नसतो. डोळ्यांसमोर धरलेला हात कितीही वेळ थांबलात तरी दिसायला लागत नाही. त्या अर्ध्या मिनिटात तुमचा श्वास कसा चालतो ते बघा. घाबरलात तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ते इथे कळलेलं बरं, दोन किलोमीटर आत गेल्यावर नको.

क्लब आणि परवानगी

एकट्याने नाही, दोघा मित्रांनी मिळूनही नाही. जवळचा केव्हिंग (म्हणजे गुहांत भटकणाऱ्यांचा) क्लब किंवा खाण-इतिहास मंडळ शोधा. बहुतेक क्लब आठवड्यातून एकदा एखाद्या पबमध्ये भेटतात, दारू घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, मी वर्षभर आल्याचं सरबत पीत बसले. पहिल्या एक-दोन फेऱ्यांना हेल्मेट आणि दिवा ते उसने देतात. सभासद झालात की ब्रिटिश केव्हिंग असोसिएशनमार्फत विमा मिळतो आणि अनेक जागामालक त्या विम्याशिवाय आत सोडत नाहीत.

परवानगीचं प्रकरण आपल्या लोकांना नीट कळत नाही. डोंगरावर चालायची मुभा आहे म्हणजे डोंगराच्या पोटात शिरायची मुभा आहे असं नाही. जमीन एकाची, खनिजाचा हक्क दुसऱ्याचा, असंही असतं. नेंटहेडचा बराचसा परिसर संरक्षित स्मारक आहे. शिवाय वटवाघळं. ब्रिटनमध्ये सगळ्या जातींच्या वटवाघळांना आणि त्यांच्या वस्तीच्या जागांना कायद्याचं संरक्षण आहे. हिवाळ्यात ती आत निद्रेत लटकलेली असतात. झोपमोड झाली की साठवलेली चरबी खर्च होते आणि वसंतापर्यंत ती तग धरतीलच असं नाही. म्हणून काही खाणी त्या महिन्यांत बंद ठेवतात. लोखंडी दार दिसलं, कुलूप दिसलं, तर ते तसंच राहू द्यायचं. एका माणसाने कुलूप तोडलं की जागामालक पुढची दहा वर्षं सगळ्यांनाच दार बंद करतो.

अंगावर काय, पाठीवर काय

आतलं तापमान बारा महिने आठ-नऊ अंशांच्या आसपास. ऐकायला फार वाटत नाही, पण पाय चार तास पाण्यात असतात. म्हणून सुती काहीही नको. जीन्स तर नकोच, ती ओली झाली की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. आतून लोकर किंवा फ्लीस, वरून जाड नायलॉनचा एकसंध डगला. गुडघ्यांना पॅड. पायात साधे रबरी गमबूट, आपल्याकडे भातलावणीला घालतात तसलेच, तळवा खडबडीत असलेले. पाचशे पौंडांचे ट्रेकिंग बूट घालून आलेला एक मुलगा मला आठवतो. बाहेर आला तेव्हा बूट गेरूत बुडवून काढल्यासारखे झाले होते आणि पुढे ते कधीच पूर्ववत झाले नाहीत.

हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याचं. सायकलचं चालत नाही.

दिवे तीन. एक हेल्मेटवर, दुसरा हेल्मेटवर किंवा गळ्यात, तिसरा पिशवीत, प्रत्येक जण स्वतःचे. तुमचा दिवा गेला तर दुसऱ्याच्या उजेडात चालू असा हिशेब करू नका, कारण त्याचा झोत तो बघतो तिकडे पडतो, तुमच्या पायांकडे नाही. मोबाइलची बॅटरी हा दिवा नव्हे.

पिशवीत पाणी, कोरडी टोपी, सोनेरी-चंदेरी आपत्कालीन चादर, प्रथमोपचार, शिटी. खायला मी चिक्की नेते, पण कागदासकट धरून, हाताने न शिवता. तिथला चिखल शिशाचा आहे, हे विसरून चालत नाही. आणि उंदीर जातात त्या पाण्यातून लेप्टोची भीती असते. मुंबईकरांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. हातापायाला जखम असेल तर जलरोधक पट्टी लावूनच आत जा, आणि पुढे आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरला खाणीत गेला होतात हे आवर्जून सांगा.

बाहेर कोणाला तरी सांगून ठेवा

आत फोन लागत नाही. म्हणून बाहेर राहणाऱ्या एका भरवशाच्या माणसाकडे लेखी ठेवायचं: कोणती खाण, कोणत्या तोंडाने आत, किती जण, कुठवर जाणार, गाडी कुठे लावली, किती वाजता बाहेर येऊ आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर हालचाल करायची. या दोन वेळांत दोन तासांचं तरी अंतर असू द्या. ती वेळ उलटली की त्या माणसाने ९९९ लावायचा, पोलीस मागायचे आणि पोलिसांकडे केव्ह रेस्क्यूची, म्हणजे गुहा-खाणींतल्या बचाव पथकाची, मागणी करायची. थेट अँब्युलन्स मागितली तर ती खाणीच्या तोंडाशी येऊन थांबते. बचाव पथकातले लोक स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत, मध्यरात्री अंथरुणातून उठून येतात. तेव्हा बाहेर आल्यावर निरोप द्यायला विसरणं हा आमच्यात मोठा गुन्हा समजतात.

संख्या निदान चार. एकाला लागलं तर एक त्याच्यापाशी थांबतो आणि दोघं मिळून बाहेर जातात.

हवा

शिशाच्या खाणीत कोळशाच्या खाणीसारखा भडकणारा वायू सहसा नसतो. म्हणून लोक निर्धास्त होतात. इथला शत्रू स्फोट करत नाही, तो फक्त असतो. कुजणारं लाकूड आणि गंजणारी खनिजं हवेतला ऑक्सिजन खातात, कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि तो जड असल्याने खोलगट जागी, बंद टोकांना, वारा न फिरणाऱ्या कोपऱ्यांत तळाशी बसतो. त्याला रंग नाही, आणि बहुतेक वेळा वासही येत नाही.

जुन्या कामगारांकडे मेणबत्ती होती. ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझायची आणि माणूस मागे फिरायचा. आपले एलईडी दिवे हवा असली काय, नसली काय, तितकेच लख्ख जळतात. त्यामुळे गटात निदान एक वायुमापक पाहिजेच. बाहेर उघड्यावर तो ऑक्सिजन २०.९ टक्के दाखवतो. १९.५ च्या खाली गेला की बहुतेक मापक कोकलायला लागतात आणि तिथे चर्चा करायची नसते, आलो त्या वाटेने परत. "अजून थोडं पुढे जाऊन बघू" हे वाक्य त्या जागी कोणी उच्चारलं तर त्याला पुढच्या वेळी घरी ठेवा.

मापक नसलेल्यांनीही लक्ष ठेवायची लक्षणं म्हणजे काही कष्ट न करता लागलेली धाप, डोकेदुखी आणि उगाच आलेली चिडचिड. आपल्या गटातला शांत माणूस अचानक वस्सकन अंगावर आला तर आधी मापक बघा, मग भांडा.

पुण्याच्या लोकांना कात्रजच्या पेशवेकालीन नळाचे उच्छ्वास (हवेसाठी ठेवलेली उभी तोंडं) माहीत असतात. इथेही तोच विचार. बोगदा फार लांब गेला की वरच्या डोंगरातून शाफ्ट, म्हणजे उभी विहीर, पाडून हवा खेळती ठेवत. दोन तोंडं असलेल्या खाणीत गालाला वारा लागतो, आणि उन्हाळ्यात त्याची दिशा एक असते, हिवाळ्यात उलटी. वारा लागायचा बंद झाला की समजा, मुख्य वाट सोडून तुम्ही कुठल्या तरी बंद खिशात शिरला आहात. बॅरोमीटर घसरत असेल, वादळ येऊ घातलं असेल, तेव्हा अशा खिशांतली कोंडलेली हवा बाहेर वाहायला लागते. काल ठीक असलेली जागा आज ठीक नसते.

पायाखाली

आता मुद्द्याचं.

आधी थोडी शब्दांची ओळख, कारण क्लबातले लोक हे शब्द सरसकट वापरतात. डोंगराच्या कुशीतून आडवा आत जातो तो बोगदा म्हणजे लेव्हल. त्यातून घोडे गाडे ओढत असतील तर हॉर्स लेव्हल. साधारण माणूस ताठ चालेल इतका उंच, घोडा जाईल इतका रुंद, आणि तोंडाकडे अगदी हलका उतार, म्हणजे पाणी आपोआप बाहेर वाहतं आणि भरलेला गाडा ओढायला सोपा जातो. लेव्हलमधून खाली खोदलेली विहीर ती संप, वर चढवलेली ती राइज. खनिजाची उभी शीर खोदून काढल्यावर जी उंच अरुंद भेग उरते ती स्टोप. आणि चुनखडीत खनिज आडवं पसरलं असेल तर तिथलं रुंद दालन म्हणजे फ्लॅट. थोडक्यात, इथल्या संपात घोषणा नसतात आणि फ्लॅटला बाल्कनी नसते.

उरला एक शब्द, सर्वांत महत्त्वाचा: डेड्स. धातू नसलेला, निकामी दगड. तो बाहेर वाहून नेण्यात मजुरी जाते. म्हणून कामगार तो आतच रिकाम्या जागांत कोंबत. भेगेत दोन्ही बाजूंना खाचा पाडायच्या, आडवे ओंडके अडकवायचे, त्यावर दगड रचायचे. झालं छप्पर. आणि वरच्या मजल्यावर काम करणाऱ्यांसाठी तीच जमीन.

आता त्या ओंडक्याचं वय मोजा. बाहेरून तो ठणठणीत दिसतो. ओल्या खाणीत लाकडावर कधी पांढरी बुरशी येते, पिंजलेल्या कापसासारखी, खाली लोंबणारी. दिसायला फार सुंदर. अशा ओंडक्याला आजोबांनी मला एकदा नुसतं बोट लावायला सांगितलं. बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं, भिजलेल्या पावात जावं तसं. वर तीन-चार टन दगड होते. आम्ही आवाज न करता तिथून निघालो.

मग चालायचं कसं? लेव्हलची जमीन अस्सल खडकाची असेल तर तिला दोन्ही बाजूंच्या भिंतींशी सांधा नसतो, भिंत आणि जमीन एकच दगड. रचलेल्या जमिनीला कडेने फट असते, दगड सुटे असतात, पाऊल पोकळ वाजतं, कधी खालून गार झुळूक येते. यातलं एक जरी लक्षण दिसलं की थांबा आणि पुढच्याला विचारा. अशी जागा ओलांडायचीच असेल तर एका वेळी एक जण, कडेला, भिंतीजवळ, आणि अनुभवी माणसाने दोर लावून दिलेला असेल तरच. पहिल्या वर्षात मात्र उत्तर एकच, मागे फिरा.

पाण्यातली जमीन त्याहून फसवी. बोगद्यात पोटरीभर पाणी असतं, तळाशी नारिंगी गाळ, लोखंडाचा. पहिला माणूस गेला की पाणी ढवळून रंग दिलेल्या बादलीसारखं होतं आणि मागच्यांना तळ दिसत नाही. त्या पाण्यात बोगद्याच्या मधोमध एखादा संप असू शकतो, काठोकाठ भरलेला, वरून अजिबात न दिसणारा. काही ठिकाणी त्यावर फळी टाकलेली असते. फळी का टाकली असेल, हा प्रश्न विचारायची सवय इथे जीव वाचवते. लेव्हलच्या बाजूला राट बसवायची जागा, भिंतीत दोराने पडलेले चर, अचानक रुंद झालेला बोगदा, हे सगळं ओरडून सांगत असतं की इथे खालून काहीतरी ओढून काढत होते, म्हणजे इथे भोक आहे. काठी नेत असाल तर ती इथे वापरा. पुढच्याच्या अगदी पावलांवर पाऊल.

आणखी थोडं भराभर. लोखंडी शिड्यांवर चढायचं नाही. लोंबणाऱ्या जुन्या दोराला हात लावायचा नाही, तो कोणी, कधी बांधला हे कळायला मार्ग नसतो. भिंतीला टेकून उभं राहायचं नाही, विशेषतः रचलेल्या. लाकडी घसरगुंडीसारखी तोंडं दिसतात, हॉपर, त्यांच्या खाली उभं राहायचं नाही, वर अडकलेला माल अजून तिथेच असतो. वाट ढिगाऱ्याने बंद झाली असेल तर तो उकरायचा नाही, पलीकडे पाणी तुंबलेलं असू शकतं. जुनी काडतुसं, सुरुंगाच्या तारा, तांब्याच्या बारीक नळ्या दिसल्या तर शिवायचं नाही. जागा लक्षात ठेवून बाहेर येऊन पोलिसांना कळवायचं. आणि दोराने खाली उतरायचा मोह सह्याद्रीत रॅपलिंग केलेल्यांना हमखास होतो. उतरणं सोपं आहे, हो. पण इथे परत वर दोरावरूनच चढावं लागतं आणि ते तंत्र वेगळं आहे, क्लबाच्या कोठीघरात महिना-दोन महिने लोंबकळून शिकल्याशिवाय येत नाही.

वाट लक्षात ठेवणं

प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा. परतताना तुम्हाला तीच बाजू दिसणार असते, आणि ती येतानाच्या बाजूसारखी अजिबात दिसत नाही. राजगडावर धुक्यात हरवलेल्यांना हे पटकन पटेल. खडूने बाण, रंगाने खुणा करायच्या नाहीत. जुन्या खाणींचे नकाशे क्लबांकडे असतात, एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, आणि नकाशा धरण्याचं काम गटातल्या सगळ्यांत नवख्याकडे द्या. तो हरवला की बाकीचे सावरतात, आणि तो शिकतो.

पहिली खरी फेरी

माझी पहिली फेरी नेंटहेडच्या स्मॉलक्ल्यू खाणीत होती आणि नवख्यांसाठी मी तीच सुचवेन, अर्थात वाट माहीत असलेल्या माणसासोबतच. दगडी कमानीचं तोंड, गमबुटात शिरू पाहणारं पाणी, मग बराच वेळ सरळ हॉर्स लेव्हल. रुळांच्या आडव्या फळ्या पाण्याखाली पायाला लागतात, घोड्याच्या चालीने टाकलेल्या. पुढे थोडं वाकून, थोडं रांगत, आणि मग एकदम तुमचा उजेड समोरच्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. हे बॉलरूम फ्लॅट. खनिज काढून काढून झालेलं दालन. १९०१ साली इथल्या फ्रीमेसन या बंधुसंघाच्या मंडळींनी या दालनात मेजवानी केली होती. कपडे कसले घालून आले असतील, आणि सूप गरम कसं ठेवलं असेल, हा प्रश्न मला दर वेळी पडतो.

तिथे बसा. दिवे मंद करा आणि भिंतींकडे तिरपा उजेड टाका. वर पहारीचे आणि सुरुंगाच्या भोकांचे माग दिसतात, बोटभर जाडीचे अर्धे नळ, खडकात कोरलेले. भोक कोणत्या दिशेला तिरपं आहे त्यावरून ठोकणारा कुठे उभा होता ते कळतं. या भागातल्या खाणींत खांद्याच्या उंचीवर कुठेतरी चिकणमातीचा गोळा चिकटवलेला सापडतो, त्यात मेणबत्ती खोचत. मी पहिल्यांदा पाहिला त्यावर अंगठ्याचा ठसा होता, रेषांसकट. माझा अंगठा मी त्याच्यासमोर धरून पाहिला, हवेतच. त्याचा लहान होता.

चिखलात लाकडी तळव्याच्या बुटांचे ठसेही टिकून आहेत, खिळ्यांच्या ओळींसकट. ज्यांना ते दिसले त्यांनी भोवती दोरी किंवा पट्टी लावलेली असते. तिच्यापलीकडे पाऊल टाकू नका, फोटोसाठीसुद्धा. आणि खिशात काही घालू नका. फ्लोराइट या स्फटिकी खनिजाचा जांभळा ठोकळा पायाशी पडलेला दिसेल, चमकेल, घरच्या शोकेससाठी हात शिवशिवेल. जुन्या लोकांनी कचरा म्हणून टाकलेला असला तरी तो तिथलाच आहे.

पहिल्या फेरीला आत जाण्यासाठी जितका वेळ लागला तितकाच, किंवा थोडा जास्त, परतायला धरा. दमलेला माणूस परतीच्या वाटेवर पाय घासत चालतो आणि पडतो. मी बाहेरच्या उजेडापासून शंभर पावलांवर पडले होते, पाण्यात, तोंडावर. घाई, दुसरं काही नाही.

बाहेर आल्यावर

आधी निरोप, मग बाकीचं. डोंगरावर रेंज नसते, त्यामुळे गावापर्यंत गाडी आणून मगच मोबाइलला जाग येते, ते वेळेच्या हिशेबात धरा. हात साबणाने धुवा, तोपर्यंत खायचं नाही. डगला आणि बूट बाहेरच झऱ्यावर किंवा नळावर धुवा, वेगळ्या पिशवीत भरा, घरच्या कपड्यांत मिसळू नका. घरात लहान मूल असेल तर हे दुप्पट काटेकोरपणे.

माझा बाहेरचा भरवशाचा माणूस म्हणजे न्यूकॅसलमधली माझी घरमालकीण, मूळची सांगलीची. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. खाणीत तिला काडीचा रस नाही, पण घड्याळात आहे. "बाहेर आलो, चौघंही ठीक," असा निरोप मी वाटेतल्या आल्स्टन गावच्या चढावर पाठवते. तिचं उत्तर दर वेळी तेच असतं. "बूट जिन्याखाली. मागच्या वेळचा नारिंगी डाग अजून गेला नाही."